ओसाकात माळकरी माणसानं काय खावं, काय पाहावं

मी जळगावात बरीच वर्षं खानावळ चालवली. घरात माळ आहे, त्यामुळे मांस-मासे नाहीत, अंडंही नाही. मुलगी आणि जावईबापू ओसाकात नोकरीला आहेत, म्हणून आमचं दोघांचं तिकडे जाणं-राहणं झालं. आता रावेर, यावल, भुसावळकडची ज्यांची पोरं जपानात आहेत ती माणसं फोन करून विचारतात, तिथे खायचं काय आणि बघायचं काय. प्रत्येकाला तुकड्यातुकड्यानं सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवते.

आधी खाण्याचं, कारण ते जमलं की बाकी सगळं जमतं. मांस ताटात दिसतं, ते बाजूला ठेवता येतं. मासा दिसत नाही, तो रश्श्यात असतो. कात्सुओ नावाचा मासा शिजवून, धुरी देऊन, वाळवून इतका कडक करतात की तो रंध्यावर किसावा लागतो. त्या किसाला म्हणतात कात्सुओबुशी आणि तो गरम पाण्यात टाकून काढलेल्या अर्काला दाशी. उदोनच्या (गव्हाच्या जाड शेवयांच्या) रश्श्यात, मिसोच्या (आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याच्या) सूपमध्ये, शिजवलेल्या भाजीत, टोफूवरच्या पातळ सॉसमध्ये, सगळीकडे ही दाशी असते. म्हणून ‘हे व्हेज आहे का’ असं विचारून काही उपयोग नाही. समोरच्याला त्यात भाजीच दिसते, तो मनापासून ‘हो’ म्हणतो. विचारायचं ते असं, की दाशी कशाची आहे?

याला एक चांगली बाजूही आहे. दाशी नुसत्या कोंबूचीही होते. कोंबू म्हणजे समुद्रातली जाड, काळपट हिरवी वनस्पती. पूर्वी होक्काइदोहून जहाजं भरभरून कोंबू ओसाकाच्या बंदरात यायचा, त्यामुळे इथल्या स्वयंपाकात त्याला मोठा मान आहे. कोंबूची दाशी आपल्याला चालते. मुलीनं आम्हाला एका कागदावर जपानीत लिहून दिलं होतं: मांस, मासे, अंडं आणि कात्सुओची दाशी आम्ही खात नाही, कोंबूची चालते. हा कागद पाकिटात ठेवा आणि ऑर्डर देण्याआधी दाखवा, पदार्थ आल्यावर नको. तोंडी म्हणायचं असेल तर ‘कात्सुओबुशी नुकी दे ओनेगाई शिमासु’, म्हणजे तो कीस घालू नका. जिथे जमत नाही तिथे ते हात जोडून नाही म्हणतात. वाईट वाटून घेऊ नका, ते खरं सांगतात याचा आपल्याला फायदाच आहे.

पाकिटबंद वस्तूंवर अॅलर्जीचा चौकोन छापलेला असतो. गहू, अंडं, दूध, झिंगा, खेकडा, शेंगदाणे, बकव्हीट, अक्रोड हे त्यात लिहिणं सक्तीचं आहे. मासा त्या सक्तीत नाही. म्हणून अंड्यासाठी तो चौकोन पाहा, पण माशासाठी खालची बारीक अक्षरातली यादी मोबाईलच्या भाषांतराच्या कॅमेऱ्यानं पूर्ण वाचा. जेलीत जिलेटिन, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातडीपासून काढलेला पदार्थ, असू शकतं, तेही तिथेच सापडतं.

आता काय मिळतं ते. सेव्हन-इलेव्हन, लॉसन, फॅमिलीमार्ट ही दुकानं जागोजागी आहेत आणि बहुतेक चोवीस तास उघडी असतात. तिथे भाताचे त्रिकोणी गोळे मिळतात, त्यांना ओनिगिरी म्हणतात. साधा मिठाचा ओनिगिरी घ्या. उमे या खारवलेल्या आंबट फळाचा आणि कोंबूचाही असतो, पण त्यांत कधी कधी माशाचा अर्क घालतात, तेव्हा यादी पाहूनच. सोबत मिठाच्या पाण्यात उकडलेल्या सोयाबीनच्या हिरव्या शेंगा, काकडी, टोफू. थंडीत गरम भाजलेलं रताळं मिळतं, साल काढलं की आत पिवळंधमक आणि मधाळ. आमच्या ह्यांची एकादशी त्या रताळ्यावर पार पडायची. केळीही मिळतात, एकेक प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेली, बहुतेक फिलिपिन्सची. आपल्या रावेरच्या केळीची गोडी त्यात शोधू नका, पण पोटाला आधार होतो.

गोडाचं तर आपल्यासाठी पुष्कळ आहे. अझुकी नावाच्या लाल कडधान्याचं गोड पुरण भरलेले तांदळाचे मऊ मोची, भाजलेल्या सोयाबीनचं पीठ भुरभुरलेली वाराबीमोची, सोयासॉस-साखरेच्या पाकातले दांगो. योकान ही अझुकीची वडी समुद्री वनस्पतीपासून काढलेल्या कांतेननं जमवतात, जिलेटिननं नाही, म्हणून ती निर्धास्त खा. केक, दोरायाकी, मेलनपान यांत अंडं असतं.

खानावळवाली म्हणून मला सगळ्यात जास्त ओढ लागली ती वांग्याची. ओसाकाच्या दक्षिणेला सेन्शू नावाचा भाग आहे, तिथलं मिझुनासू वांगं उन्हाळ्यात येतं. टपोरं, गडद जांभळं, साल पातळ, आणि आत इतकं पाणी की ते कच्चं खातात. हातानं फाडायचं, मिठाच्या पाण्यात मुरवायचं, झालं लोणचं. वांगं कच्चं खायचं हे मी आधी मनावर घेतलंच नव्हतं. एकदा चाखलं आणि मग रोज आणलं. दुसरा प्रकार याकिनासू. अख्खं वांगं जाळावर काळं होईपर्यंत भाजतात, साल सोलतात, वर किसलेलं आलं आणि सोयासॉस. आपण जे कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजून ठेचतो, तेच इथे न ठेचता, कांद्याची पात आणि मिरची न घालता समोर येतं. वर तो माशाचा कीस घालायची पद्धत आहे, म्हणून आधीच ‘नुकी’ म्हणा, आणि सॉसमध्ये दाशी मिसळलेली नाही ना तेही विचारा, नुसता सोयासॉस वेगळा मागा. माझ्याजवळ शेंगदाण्याची तिखट चटणी होती, ती लावून खाल्लं. सोबत कळण्याची भाकरी तेवढी नव्हती.

ज्या पदार्थांसाठी ओसाका नावाजलेलं आहे ते मात्र माळकऱ्यानं लांबूनच बघावेत. ताकोयाकीच्या गोळ्यात ऑक्टोपसचा तुकडा असतो. ओकोनोमियाकी म्हणजे कोबी आणि पिठाचं जाड धिरडं, पण पिठात अंडं आणि बहुधा दाशी, आणि तवा डुकराच्या मांसाचाच. कुशिकात्सूत कमळकाकडी, भोपळा, कांदा या भाज्या काड्यांना लावून तळतात, मात्र तेल आणि पीठ मांसाचंच. बनवताना बघा, हात कसे चालतात ते बघण्यासारखं आहे. एखाद्या व्हीगन हॉटेलात यातलं काही मिळालं तर जरूर खा. मोठ्या स्टेशनांजवळ भारतीय हॉटेलं आहेत. स्वयंपाकी बहुतेक नेपाळी, हिंदी समजतात, नान मोठी आणि गोडसर, भाजी सौम्य. ‘तिखट करा’ म्हणून सांगावं लागतं, तरी आपल्या शेवभाजीच्या जवळपास ते येत नाही.

आपल्याकडून काय न्यावं? काळा मसाला, शेंगदाण्याची आणि लसणाची कोरडी चटणी, मेतकूट, पातळ पोहे. दशम्या प्रवासातच संपवा. हिरव्या मिरच्या, कढीपत्ता, केळी, कोणतंही ताजं फळ किंवा भाजी नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात. आपला मिक्सर किंवा शेगडीही नेऊ नका. तिथे वीज १०० व्होल्टची आणि पिन चपट्या दोन पात्यांची. मोबाईलचा चार्जर चालतो, फक्त पिन बदलायची. हॉटेलच्या खोलीत पाणी गरम करायची किटली असतेच, त्या पाण्यात पोहे भिजतात.

पैशाचं म्हणाल तर शंभर येन म्हणजे ढोबळ मानानं साठ रुपये धरा. लहान खानावळीत बऱ्याचदा रोखच चालते. पैसे हातात न देता गल्ल्यावरच्या तबकात ठेवायचे. टीप कुणी घेत नाही. बऱ्याच ठिकाणी दाराशीच यंत्र असतं, पैसे टाकून पदार्थाचं तिकीट काढायचं आणि आत द्यायचं. माळकऱ्यानं अशा ठिकाणी बटण दाबण्याआधी आत जाऊन कागद दाखवावा. मोठ्या दुकानांच्या तळघरात खाण्याचा बाजार भरतो, बंद व्हायच्या आधी तिथे भाव उतरवल्याच्या चिठ्ठ्या लागतात, तेव्हा फळं घ्यावीत.

विमानतळ समुद्रात भराव टाकून केलेल्या बेटावर आहे. तिथून नानकाई रेल्वे नाम्बाला पाऊण तासाच्या आसपास पोचवते. उतरल्याबरोबर इकोका कार्ड काढा, ५०० येन अनामत असते, रेल्वे, मेट्रो, दुकानं सगळीकडे चालतं. मेट्रोत लाल रंगाची मिदोसुजी लाइन लक्षात ठेवा, उमेदा, शिन्साइबाशी, नाम्बा, तेन्नोजी तिच्यावरच आहेत. सरकत्या जिन्यावर ओसाकात उजवीकडे उभं राहतात, तोक्योत डावीकडे. गाडीत मोबाईलवर बोलत नाहीत. कचरापेट्या रस्त्यावर सापडत नाहीत, पिशवी जवळ ठेवा. स्वच्छतागृहं फुकट आणि लख्ख आहेत, पण हात पुसायला रुमाल आपला. बूट असे घ्या की पटकन काढता येतील.

सकाळ ओसाकाच्या किल्ल्यासाठी ठेवा. तोयोतोमी हिदेयोशी या सेनानीनं १५८३ मध्ये तो बांधायला घेतला. आज दिसतो तो मनोरा १९३१ चा, शहरातल्या लोकांच्या वर्गणीतून सिमेंटमध्ये उभारलेला, आत संग्रहालय आणि लिफ्ट. आत वेळ थोडा द्या, बाहेरच्या तटबंदीला जास्त द्या. ती हिदेयोशीची नाही, नंतरच्या तोकुगावा राज्यकर्त्यांनी रचून घेतलेली. साकुरामोन दरवाज्यातून आत गेलं की समोर ताकोइशी नावाचा एकच दगड आहे, दर्शनी बाजू जवळजवळ ६० चौरस मीटर. असे दगड लांबच्या बेटांवरून समुद्रमार्गे आणले. आमचे हे त्यापुढे बराच वेळ थांबले, हात लावायची मनाई म्हणून नुसते बघत. किल्ल्याभोवतीच्या बागेत बाकं आहेत, सोबतचे ओनिगिरी तिथेच खा.

दुपारी तेन्नोजी. शितेन्नोजी मंदिर राजपुत्र शोतोकूनं ५९३ मध्ये स्थापलं असं मानतात. इमारती पुन्हा पुन्हा जळून उभ्या राहिल्या, आताच्या बहुतेक दुसऱ्या महायुद्धानंतरच्या आहेत, पण आवार शांत आहे. दर महिन्याच्या २१ आणि २२ तारखेला तिथे जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, जमलं तर तीच तारीख धरा. जवळच आबेनो हारुकास ही ३०० मीटरची इमारत आहे. वरच्या मजल्याला तिकीट आहे, सोळाव्या मजल्यावरची बाग फुकट आहे आणि मला तेवढी पुरली. उमेदाचा स्काय बिल्डिंगचा गच्चीवरचा फेरा तरुणांनी करावा.

संध्याकाळी दोतोनबोरी. कालवा १६१५ चा, दोन्ही काठांवर दिव्यांच्या पाट्या, हलणारा मोठा खेकडा, ग्लिको या खाऊच्या कंपनीच्या पाटीवरचा धावणारा माणूस. गर्दी फार, हात धरून चला. मग तिथून दोन गल्ल्या आत, होझेनजीला वळा. हे चुकवू नका. चिमुकलं देऊळ, दगडी कंदील, आणि फुदोची मूर्ती, ज्याला आपल्याकडे अचलनाथ म्हणतात. लोक पळीनं पाणी घालतात आणि वर्षानुवर्षांच्या त्या पाण्यानं मूर्ती शेवाळानं पूर्ण हिरवी झाली आहे. सोमवारी महादेवाच्या पिंडीवर पाणी घालावं तसं मीही घातलं. बौद्ध देवळात नुसते हात जोडायचे. शिंतो या जपानच्या मूळ धर्माच्या देवळात, उदाहरणार्थ सुमियोशी ताइशाला, दोनदा वाकायचं, दोन टाळ्या वाजवायच्या, पुन्हा एकदा वाकायचं. सुमियोशीला जुनी ट्राम जाते, तिनंच जा.

घरच्या जेवणाची फार आठवण आली तर कोबे गाठा, उमेदाहून रेल्वेनं अर्ध्या तासात. तिथे भारतीय व्यापारी पिढ्यान् पिढ्या राहतात आणि कितानो भागात १९८५ साली बांधलेलं जैन मंदिर आहे. डाळ, पीठ, हिंग विकणारी दुकानंही त्या शहरात आहेत.

केव्हा जावं? मेच्या सुट्टीत जायचं तर पहिला आठवडा टाळा, त्यांच्या सुट्ट्या असतात आणि सगळं भरलेलं असतं. जूनच्या सुरुवातीपासून पाऊस, मग दमट उकाडा. आपलं जळगावचं ऊन कोरडं असतं, तिथला ऑगस्ट घामानं थकवतो. दिवाळीची सुट्टी सर्वांत उत्तम, नोव्हेंबरच्या अखेरीस झाडं लाल होतात.

एक दिवस नाराला द्याच. नाम्बाहून किन्तेत्सू रेल्वेनं चाळीस मिनिटं. तिथल्या महाबुद्धाच्या मूर्तीचे डोळे ७५२ मध्ये उघडले ते बोधिसेन या भारतीय भिक्षूच्या हस्ते. अजिंठा आपल्या दारात आहे, म्हणून होर्युजी हे जुनं बौद्ध मंदिरही सांगते. तिथल्या सुवर्णगृहाच्या भिंतींवर जी चित्रं होती त्यांची तुलना अभ्यासक अजिंठ्याशी करतात. १९४९ च्या आगीत ती होरपळली, आज त्या जागी प्रतिकृती आहेत. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी ज्यांनी पाहिला आहे त्यांनी त्यातल्या बोधिसत्त्वाच्या मानेकडे आणि बोटांकडे नीट बघावं. तेन्नोजीहून जेआर रेल्वेनं होर्युजी स्टेशन, पुढे वीस मिनिटं चालणं. तिकडे आपल्यासारख्यांना जेवण सहज मिळत नाही, तेव्हा डबा घेऊनच निघा, आणि भातासोबत चटणी विसरू नका.