अन्ननलिकेच्या ऑपरेशननंतर बाळाचा खोकला : या चुका टाळा

साधारण २,५०० ते ४,५०० जन्मांमागे एका बाळाची अन्ननलिका मध्येच तुटलेली असते. बहुतेकदा तिचा खालचा तुकडा थेट श्वासनलिकेला चिकटलेला असतो. १९४१ साली अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये डॉ. कॅमेरॉन हेट यांनी एकाच ऑपरेशनमध्ये अन्ननलिकेची तुटलेली टोकं जोडून बाळ वाचवलं. आता चांगल्या केंद्रांत बहुतेक बाळं वाचतात. मग बाळ घरी येतं आणि भुंकल्यासारखं खोकू लागतं. इथून पुढे ज्या चुका होतात, त्यातल्या बऱ्याच टाळता येतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे या खोकल्याला परस्पर दमा ठरवणं. श्वासनलिकेला कूर्चेच्या कड्यांचा आधार असतो. या बाळांत तो बऱ्याचदा जन्मापासूनच मऊ असतो. त्यामुळे रडताना, खोकताना, श्वास सोडताना नळी आत दबते आणि तो खणखणीत आवाज येतो. ऑपरेशन चुकलं असा त्याचा अर्थ नाही. वय वाढेल तसा आधार बराच घट्ट होतो. दम्याच्या काही पंपांतलं औषध नळीचे स्नायू सैल करतं, आणि मऊ नळीत त्याने काही मुलांचा त्रास उलट वाढतो. अर्थात यातल्या काही मुलांना खरोखर दमाही असतो. म्हणून पंप स्वतःहून सुरू करू नका आणि चालू असलेला बंदही करू नका. मात्र पंपाने फरक पडत नसेल तर डोस वाढवत नेण्याऐवजी दुर्बिणीने श्वासनलिका बघायची का, हे सर्जनना विचारा.

दुसरी चूक म्हणजे खोकला कधी येतो याकडे लक्ष न देणं. माझ्या मते पालकांनी सांगितलेली ही एक गोष्ट डॉक्टरांच्या सर्वात जास्त उपयोगी पडते. दूध-पाणी पाजताना दरवेळी ठसका लागतो, पण घट्ट नाचणीची पेज बिनत्रास जाते? मग पातळ पदार्थ श्वासमार्गात जात असण्याची शक्यता जास्त. गिळण्यातला ताळमेळ कमी असेल, किंवा अन्ननलिका आणि श्वासनलिका यांच्यातली ऑपरेशनमध्ये बंद केलेली जोडणी पुन्हा उघडली असेल. याउलट दूध जातं पण पोळीचा मऊ घासही अडकतो, लाळ गळते, एरवी पटकन संपणारी वाटी संपता संपत नाही? मग टाक्यांच्या जागी अन्ननलिका आकसली असण्याची शक्यता जास्त, आणि वर साचलेली लाळ छातीत उतरते. दोन्हींचे उपचार वेगळे आहेत. बेरियम (एक्स-रेत दिसणारं पांढरं द्रव) पाजून काढलेला एक्स-रे नॉर्मल आला म्हणून जोडणी उघडलेली नाहीच असं धरू नका. ती त्यात निसटू शकते.

वारंवार न्यूमोनिया झाला की दरवेळी नवा अँटिबायोटिक देऊन विषय संपवला जातो. कारण शोधलं नाही तर फुप्फुसाचं कायमचं नुकसान होऊ शकतं. जुने एक्स-रे जपून ठेवा आणि पांढरा डाग दरवेळी त्याच जागी येतोय का, हे विचारा.

अ‍ॅसिडचं औषध उलट्या थांबल्या म्हणून बंद करणं हीसुद्धा नेहमीची चूक. २०१६ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत ते पहिलं वर्षभर द्यायला सांगितलं आहे, कारण वर येणारं अ‍ॅसिड टाके घातलेली जागा आकसवू शकतं.

अंघोळीनंतर ओवा-वेखंडाची धुरी नको. आजी प्रेमानेच देते, पण या श्वासनलिकेला धूर सोसत नाही. मच्छर अगरबत्ती आणि सिगारेटही नको. न्यूमोकोकलची (न्यूमोनियाविरुद्धची) लस सरकारी लसीकरणात मिळते. फ्लूची सहा महिन्यांनंतर दरवर्षी घ्यायची असते, ती वेगळी मागून घ्या.

पाजताना बाळ निळं पडलं, श्वास थांबला किंवा अंग सैल पडलं तर पाजणं थांबवा आणि १०८ ला फोन करा. पाय धरून उलटं टांगू नका, दिसत नसलेलं काढायला घशात बोट घालू नका. बाळाचा प्रथमोपचार डिस्चार्जच्या आधीच नर्सकडून हात लावून शिकून घ्या. हा त्रास आपोआप ओसरला तरी त्याच दिवशी दाखवायला न्या.

शक्य असेल तेव्हा घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी मोबाईलवर खोकल्याचा, पाजतानाचा व्हिडिओ घ्यायला सांगा. दवाखान्यात बाळ नेमकं शांत असतं. फाइलच्या पहिल्या पानावर ऑपरेशनची तारीख, दोषाचा प्रकार, टाक्यांतून गळती झाली होती का आणि आकसलेली अन्ननलिका किती वेळा रुंद केली हे लिहून ठेवा, म्हणजे रात्री ड्युटीवर असलेल्या नवीन डॉक्टरलाही ते लगेच वाचता येईल.