कोकणात इंटेक व्हॉल्व्ह बदलताना

विमानाच्या पिस्टन इंजिनाचा नवा इंटेक व्हॉल्व्ह, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा-इंधन आत घेणारी झडप, हाती आला की आधी त्याचा पार्ट नंबर इंजिनाच्या सुट्या भागांच्या सूचीशी आणि सोबतच्या प्रमाणपत्राशी ताडून पाहावा. नुसते हुबेहूब दिसणे येथे कामाचे नाही. आमच्या रत्नागिरीकडच्या खाऱ्या, दमट हवेत व्हॉल्व्हच्या उघड्या पडलेल्या दांड्यावर गंजाचे ठिपके लवकर धरतात, म्हणून वेष्टन व्हॉल्व्ह बसवण्याच्या दिवशीच फोडावे. दांडा मायक्रोमीटरने मोजून गाइडमधील, म्हणजे तो ज्या नळीत सरकतो तिच्यातील, फट मॅन्युअलच्या मर्यादेत असल्याची खात्री करावी. सीटला, म्हणजे व्हॉल्व्ह ज्या कड्यावर बसतो त्याला, निळ्या शाईचा पातळ हात देऊन व्हॉल्व्ह टेकवला असता त्याच्या तोंडावर अखंड निळे कडे उमटले पाहिजे. ते तुटक असल्यास सीट पुन्हा घासावी. जोडणीनंतर सिलिंडरमध्ये 80 पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाबाची हवा सोडून गळती तपासावी, मात्र विमानाचा पंखा (प्रोपेलर) घट्ट धरूनच.