वसतिगृहात जाण्याआधी: इन्सुलिन घेणाऱ्या विद्यार्थ्याची तयारी

पदव्युत्तर शिक्षणासाठी मी जिंतूरहून छत्रपती संभाजीनगरला आले तेव्हा माझा टाइप वन, म्हणजे रोज इन्सुलिन घ्यावेच लागणारा, मधुमेह नऊ वर्षांचा झाला होता. परंतु ती नऊ वर्षे तो प्रत्यक्षात आईने सांभाळला होता, हे वसतिगृहातल्या पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आले. इन्सुलिन संपत आले आहे, आज भाकरी जाड झाली आहे, पोरीचा चेहरा उतरलेला दिसतो आहे, हे सगळे न सांगता तिच्या ध्यानात असे. घर सोडताना ते ध्यान सोबत येत नाही. म्हणून आईकडे जे एकत्र होते ते वस्तू, वेळा आणि माणसे यांत वाटून कसे ठेवायचे, एवढ्याच हेतूने ही यादी लिहिली आहे. संभाजीनगर, नांदेड, परभणीचे कृषी विद्यापीठ किंवा लातूरचे एखादे महाविद्यालय, कुठेही जाणार असलात तरी तिच्यात फारसा फरक पडू नये. मात्रा किती घ्यायची हे इथे कुठेही सांगितलेले नाही. ते ज्याचे त्याने आपल्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

निघण्याच्या किमान महिनाभर आधी डॉक्टरांची एक सविस्तर भेट घ्यावी आणि त्या भेटीतून तीन कागद घेऊन यावे. पहिला म्हणजे औषधाचे मूळ नाव, प्रकार आणि तीव्रता स्पष्ट लिहिलेली चिठ्ठी, कारण नव्या शहरातल्या मेडिकलवाल्याकडे तुमची कंपनी असेलच असे नाही. दुसरा, तुम्हाला इन्सुलिनवर अवलंबून असलेला मधुमेह आहे आणि सुया, साखर मोजण्याचे मीटर व गोड पदार्थ जवळ बाळगणे आवश्यक आहे, असे सांगणारे सही-शिक्क्याचे प्रमाणपत्र. याच्या चार प्रती काढाव्या, कारण वसतिगृह, विभाग आणि परीक्षा केंद्र प्रत्येकाला आपली प्रत हवी असते. तिसरा कागद आजारपणाचा: ताप किंवा उलट्या झाल्या तर मात्रेत काय बदल करायचा आणि कोणत्या आकड्याला दवाखान्यात जायचे, हे लेखी. त्याच भेटीत एचबीए१सीची, म्हणजे मागच्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी, तपासणी करून घ्यावी, म्हणजे तीन महिन्यांनी नव्या आयुष्याचा हिशेब कशाशी ताडून पाहायचा ते हाती राहते.

तीव्रतेचा मुद्दा जरा थांबून समजून घ्यावा, कारण इथली चूक जिवावर बेतू शकते. आपल्याकडे बाटलीतले इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिट असते आणि त्यासाठी लाल टोपणाची सिरिंज मिळते. इन्सुलिन टोचण्याच्या पेनात बसणाऱ्या नळीतले, म्हणजे कार्ट्रिजमधले, इन्सुलिन एका मिलिलिटरला १०० युनिट असते आणि त्या तीव्रतेच्या सिरिंजचे टोपण नारिंगी असते. पेन बिघडला म्हणून कोणी कार्ट्रिजमधले औषध लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या रेषेपर्यंत ओढले, तर शरीरात २० नव्हे, ५० युनिट जातात. उलट बाटलीतले औषध नारिंगी टोपणाच्या सिरिंजमध्ये त्याच रेषेपर्यंत भरले तर जेमतेम ८ जातात. पेन वापरणाऱ्याने म्हणूनच एक जास्तीचा पेन ठेवावा, आणि तोही बंद पडल्यास वापरण्यासाठी नारिंगी टोपणाच्या दोन-चार सिरिंज त्याच डबीत, वर चिठ्ठी चिकटवून ठेवाव्या.

साठ्याचा हिशेब कागदावर करावा. रोजची मात्रा ४० युनिट असेल तर ३०० युनिटांचे कार्ट्रिज साडेसात दिवस पुरेल असे वाटते. परंतु प्रत्येक वेळी हवा काढून टाकण्यासाठी दोन युनिट बाहेर सोडावी लागतात, दिवसाला चार सुया असतील तर त्यातच आठ युनिट जातात, म्हणजे महिन्याला चार नव्हे, पाच कार्ट्रिज लागतात. मला हे पहिल्या महिन्याच्या सव्विसाव्या दिवशी समजले, तोही रविवार होता. मीटरच्या स्ट्रिपच्या बाबतीत रोजच्या चार तपासण्या धरून वर तीस-चाळीस जास्तीच्या धराव्या, आणि मीटरचा बटणाएवढा सेल आधीच आणून ठेवावा. खर्चाचा भार जाणवत असेल तर जिल्हा रुग्णालय, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आणि जनऔषधी केंद्र या तीन ठिकाणी स्वतः जाऊन कोणते इन्सुलिन मिळते याची चौकशी करावी. मात्र स्वस्त मिळते म्हणून प्रकार परस्पर बदलू नये.

आता ऊन. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचे असते, आणि वापरात असलेला पेन किंवा बाटली साधारणपणे ३० अंशांच्या आत सुमारे चार आठवडे चालते. नेमकी मुदत वेष्टणावरच्या कागदात पाहावी आणि उघडल्याची तारीख चिकटपट्टीवर लिहून ठेवावी. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ पर्यंत जातो, पत्र्याची किंवा वरच्या मजल्यावरची खोली रात्रीही निवत नाही, आणि वसतिगृहाच्या खोलीत फ्रिज नसतो. अशा वेळी दोन मडक्यांची सोय उपयोगी पडते. मोठ्या मडक्यात लहान मडके ठेवून मधल्या फटीत वाळू भरावी, ती सकाळ-संध्याकाळ ओली करावी, वर ओले फडके टाकावे, आणि लहान मडक्यात घट्ट झाकणाच्या कोरड्या डबीत इन्सुलिन ठेवावे, म्हणजे ओल लागत नाही. मडके सावलीत, पण वारा लागेल अशा जागी हवे. कोपऱ्यात कपाटामागे दडवले तर त्याचा उपयोग होत नाही, कारण थंडावा पाणी उडण्यातून येतो. आपली कोरडी हवा इथे कामी येते. पावसाळ्यात हवा दमट झाली की मडके तितके गार राहत नाही, पण तेव्हा उन्हाचा तडाखाही ओसरलेला असतो. आत एक साधा तापमापक ठेवावा, अंदाजावर राहू नये.

रेक्टरांच्या किंवा भोजनगृहाच्या फ्रिजमध्ये साठा ठेवायची परवानगी मिळाली तर उत्तमच, पण डबा खालच्या कप्प्यात किंवा दारात ठेवावा आणि त्यावर नाव व ‘बर्फाजवळ ठेवू नये’ असे ठळक लिहावे. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर दिसायला जवळपास तसेच दिसते, पण ते टाकून द्यायचे असते. पाण्यासारखे असणारे औषध गढूळ झाले, किंवा मुळात गढूळ असणारे औषध हळुवार फिरवूनही त्यात गुठळ्या राहिल्या, तर तेही वापरू नये.

माझ्या मते या यादीतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे सुई आणि ताट यांमधले अंतर. घरी आई ताट वाढायला घेतानाच हाक मारत असे, त्यामुळे हे अंतर आपोआप जुळत असे. मी ज्या खानावळीत जेवत असे तिथे जेवण साडेआठला सुरू होई, म्हणून मी आठला खोलीत सुई घेऊन निघत असे. एके दिवशी गॅस संपला होता आणि पोळ्या सव्वानऊला आल्या. तोवर माझे हात थरथरत होते, कपाळावर घाम होता, आणि समोरच्या फळ्यावरचा ‘आजची भाजी: शेपू’ हा मजकूर मला लागोपाठ तीनदा वाचूनही कळत नव्हता. त्यानंतर ताट डोळ्यांसमोर आल्याखेरीज किंवा निदान स्वयंपाकघरात डोकावून आल्याखेरीज जेवणाआधीची सुई घ्यायची नाही, हा नियम केला. ज्यांना अर्धा तास आधी घ्यावे लागणारे जुन्या प्रकारचे इन्सुलिन आहे त्यांनी खानावळ निवडतानाच चवीआधी वेळेचा नेमकेपणा पाहावा, आणि वेळा फारच अनिश्चित असतील तर जेवायला बसताना घेता येणाऱ्या प्रकाराबद्दल डॉक्टरांना विचारावे. दिवसातून दोनदा मिश्र (लवकर आणि सावकाश काम करणारे एकत्र असलेले) इन्सुलिन घेणाऱ्यांना दुपारचे जेवण टाळून चालत नाही, मग तास रिकामा असो वा प्रात्यक्षिक लांबलेले असो.

ताटात काय आहे हे मोजण्याची सवय घरूनच लावून न्यावी. छोटा वजनकाटा घेऊन आठवडाभर घरची भाकरी, पोळी आणि शिजलेला भात तोलून पाहावा. ५० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरीत साधारण ३५ ग्रॅम कर्बोदके येतात, आणि १०० ग्रॅम शिजलेल्या भातात २८ च्या आसपास. ज्वारीची भाकरी साखर वाढवतच नाही, हा आपल्याकडचा लाडका समज आहे. ती वाढवते, फक्त जरा सावकाश. साबुदाणा मात्र जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, त्यामुळे एकादशीची खिचडी हा इन्सुलिन घेणाऱ्यासाठी उपवास नसून भरगच्च जेवण असते. नवरात्रातले नऊ दिवसांचे उपवास डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरू नयेत. आजीची समजूत घालायला मला दोन वर्षे लागली, तुम्हाला कदाचित लवकर जमेल. हिवाळ्यात मित्रांच्या शेतात हुरडा खायला जायचे असेल तर खुशाल जावे, पण गूळ आणि रेवड्या किती खाल्ल्या हे मोजत राहावे आणि पेन गाडीत न ठेवता जवळ ठेवावा.

साखर उतरण्याची तयारी स्वतःपुरती न ठेवता इतरांसाठीही करावी लागते. ७० च्या खाली आकडा आला, किंवा मीटर हाताशी नसताना घाम, थरथर, धडधड, चिडचिड जाणवली, तर १५ ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून घ्यावे, १५ मिनिटे थांबून पुन्हा तपासावे, अजून कमी असेल तर पुन्हा तेच करावे, आणि पुढचे जेवण लांब असेल तर वर थोडे काही खावे. पेढा, चॉकलेट किंवा बिस्किटाने हे काम होत नाही, कारण त्यांतल्या स्निग्धांशामुळे साखर उशिरा चढते. मी घरच्या काट्यावर १५-१५ ग्रॅम ग्लुकोजच्या पुड्या बांधून नेल्या होत्या आणि त्या उशाखाली, दप्तरात, अभ्यासिकेतल्या कप्प्यात व मैत्रिणीच्या पर्समध्ये विभागून ठेवल्या होत्या. खोलीतल्या दोघींना पहिल्याच दिवशी हे सांगून ठेवावे, संकोच करू नये: मी विचित्र बोलू लागले तर आधी गोड द्या, मी बेशुद्ध असेन तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा, आणि इन्सुलिन तर कोणत्याही परिस्थितीत देऊ नका. बेशुद्धीत टोचण्याच्या, साखर वाढवणाऱ्या ग्लुकॅगॉनबद्दल डॉक्टरांना विचारून घ्यावे. भरतीसाठी पहाटे मैदानावर धावणाऱ्यांनी, खेळणाऱ्यांनी, किंवा पाणीटंचाईत टँकरवरून तिसऱ्या मजल्यावर बादल्या चढवणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे की अशा श्रमांनंतर साखर त्याच रात्री झोपेतही उतरू शकते. दारूच्या बाबतीत तेच अधिक धोक्याचे आहे, कारण यकृत दारूत गुंतले की साखर सोडण्याचे त्याचे काम मंदावते आणि आजूबाजूच्यांना वाटते की दारूच चढली आहे.

आजारपणाचा कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवावा. आपल्याकडे मे महिन्यात उलट्या झाल्या की ऊन लागले किंवा पित्त झाले म्हणतात आणि लिंबूपाणी देतात; इन्सुलिन घेणाऱ्याच्या बाबतीत मात्र त्या उलट्या इन्सुलिन कमी पडून रक्तात किटोन (चरबी जळून तयार होणारी आम्ले) साचल्याच्या असू शकतात. जेवण जात नाही म्हणून इन्सुलिन पूर्ण बंद करणे ही सर्वांत घातक चूक आहे, विशेषतः दीर्घकाळ चालणारे इन्सुलिन चालूच राहिले पाहिजे. दर दोन-चार तासांनी साखर पाहावी, २५० च्या वर राहिली तर लघवीतील किटोनची पट्टी वापरावी, पाणी पीत राहावे. उलट्या थांबत नसतील, पोट दुखत असेल, श्वास खोल व जलद चालला असेल किंवा त्याला फळासारखा वास येत असेल, तर सकाळची वाट पाहू नये. संभाजीनगरात रिक्षावाल्याला ‘घाटी’ (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय) म्हटले की पुरते. इतरत्र रात्री उघडा असणारा अपघात विभाग पहिल्याच आठवड्यात पाहून ठेवावा आणि तिथे पोचल्यावर पहिले वाक्य ‘टाइप वन आहे, इन्सुलिनवर आहे’ हेच बोलावे.

परीक्षेसाठी प्रमाणपत्राची प्रत जोडून विभागप्रमुखांमार्फत केंद्रप्रमुखांकडे अर्ज करावा आणि परवानगी लेखी घ्यावी, कारण पर्यवेक्षक रोज बदलतात. सीबीएसईने २०१७ पासून अशा विद्यार्थ्यांना परीक्षागृहात खाण्याचे पदार्थ नेऊ दिले आहेत आणि जेईईसारख्या परीक्षांच्या सूचनांतही साखरेच्या गोळ्या, केळी व पारदर्शक पाण्याची बाटली यांचा उल्लेख असतो. विद्यापीठाच्या अर्जात हा दाखला द्यायला हरकत नाही. मोबाइलवर साखर दाखवणारा सेन्सर असेल तर मोबाइल आत नेता येणार नाही, तेव्हा अर्जात मीटरचाही उल्लेख करावा.

एसटीने प्रवास करताना इन्सुलिन वरच्या फळीवर किंवा डिकीत न टाकता मांडीवरच्या पिशवीत, ओल्या रुमालात गुंडाळलेल्या डबीत ठेवावे. जिंतूरहून मंठा-जालना मार्गे येताना गाडी कुठे किती थांबेल याचा भरवसा नसतो, म्हणून खाण्याचा डबाही हाताशी असावा. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाकून, झाकण लावून, भरल्यावर दवाखान्यात द्याव्या. झाडू मारणाऱ्या मावशींच्या हाताला त्या लागू नयेत. टोचण्याची जागा रोज बदलावी, वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा, लघवी आणि पाय तपासून घ्यावे. मुलींनी पाळीच्या आधीचे आकडे वहीत वेगळ्या शाईने लिहावे, काही जणींची साखर त्या दिवसांत चढी राहते.

शेवटी घरच्यांशी एक करार करून निघावे. पहिल्या महिन्यात आई रोज रात्री फोन करून ‘किती आली?’ एवढेच विचारत असे, आणि २६० आलेली असली की मी १४० सांगत असे. तिलाही ते कळत असावे, कारण ती पुढे काही न बोलता फोन बाबांकडे देई. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही ठरवले की आकडे रविवारी, वही उघडून, आठवड्याचे एकदम सांगायचे, आणि रोजच्या फोनवर तिने फक्त जेवलीस का आणि काय जेवलीस एवढेच विचारायचे.