खाऱ्या वाऱ्यात करवंदाची वई

"करवंदं काय लावायची, डोंगरात फुकट मिळतात की!" असं आमच्याकडे अजून ऐकवतात. पण आमची वाडी गुहागरकडची, थेट समुद्रावर. कुंपणाच्या तारा गंजून तुटतात, गुलाब होरपळतो. म्हणून इथे करवंदाची वई, म्हणजे झाडांचं जिवंत कुंपण. करवंदाचं पान जाड, चकचकीत. वाऱ्याबरोबर येणारा खार ते सोसतं. सोसत नाही ते मुळाशी तुंबलेलं पाणी. म्हणून भरतीचं पाणी शिरतं तिथे लावू नका. बांधावर, गडग्याच्या (दगड रचून केलेल्या कुंपणाच्या) कडेला, रेताड किंवा जांभ्याच्या निचऱ्याच्या जमिनीत लावा.

बी ताजंच हवं, ठेवलेलं रुजत नाही. मे महिन्यात काळीभोर पिकलेली करवंदं कुस्करा, बिया राखेत चोळून धुवा म्हणजे चिकटा जातो, एक दिवस सावलीत सुकवा आणि लगेच पिशवीत पेरा. दोन-तीन आठवड्यांत कोंब दिसतात. मग मात्र रोपं जी रेंगाळतात, विचारू नका. पहिलं वर्ष पिशवीतच काढू द्या. मोठं फळ हवं असेल तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची 'कोकण बोल्ड' ही जात आहे. तिचं कलमच घ्या, बियांपासून आईसारखं झाड येईलच असं नाही.

लागवड पावसात, पण पहिल्या सरीला नको. आठ-दहा दिवस चांगला पाऊस पडून मातीतला खार धुपून जाऊ दे. दीड फुटाचा खड्डा, त्यात घमेलंभर कुजलेलं शेणखत. वईसाठी ३ फुटांवर, फळांसाठी ६ ते ८ फुटांवर. पहिले दोन उन्हाळे आठवड्याला पाणी द्या, ते गोडंच. खारट विहिरीचं नको. पाणी घालताना पानांवरही मारा, बसलेलं मीठ निघून जातं. बुडाशी पालापाचोळा पसरा, नाहीतर उन्हात ओल उडते आणि खार वर येतो.

छाटणी फळं उतरल्यावर लगेच करा. दिवाळीनंतर कोयता लावलात तर जानेवारी-फेब्रुवारीतला फुलोरा गेलाच. सासूबाई छाटायला जाताना जुनी गोणी हाताला गुंडाळत. काटे दुहेरी असतात, हातमोज्यातूनही शिरतात.

तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळ धरतं. लोणच्याला हिरवी, टणक काढा. देठाशी पांढरा चीक येतो, त्याचे डाग निघत नाहीत. हाताला आधी खोबरेल लावा आणि फळं पाण्यात टाकून चीक निघू द्या.