‘ओडिसी’ शिकताना या चुका टाळा

न्यू जर्सीत मी नववीला इंग्रजी शिकवते. अमेरिकेतल्या बऱ्याच शाळांत नववीला होमर या प्राचीन ग्रीक कवीची ‘ओडिसी’ असते, म्हणजे ट्रॉयच्या युद्धानंतर घरी निघालेल्या ओडिसियस राजाचं महाकाव्य, आणि तो धडा सुरू झाला की ओळखीच्या मराठी घरांतून फोन यायला लागतात. “ताई, पोराला ग्रीक गोष्टी लागल्यात, नावंच लक्षात राहत नाहीत. एखादा चांगला सारांश असेल तर पाठवा ना.” सारांश मी पाठवत नाही. का, ते एकदा सविस्तर लिहून टाकते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ओडिसियसचा प्रवास सरळ रांगेत लावून पाठ करणं. ट्रॉय, कमळं खाणारे लोक, सायक्लॉप्स नावाचा एकडोळा राक्षस, वाऱ्याची पिशवी, सर्सी, पाताळ, सायरन, सिला, सूर्याची गुरं, कॅलिप्सो, घर. सारांश देणाऱ्या साइटवर हीच यादी असते आणि मुलं ती पाढ्यांसारखी घोकतात.

ओळखीतल्या एका घरी मुलाने या प्रवासाचा नकाशा केला होता. भिंतभर कागद, टाचण्या, लाल दोरा, प्रत्येक बेटाशेजारी राक्षसाचं चित्र. आईवडिलांचे दोन शनिवार-रविवार त्यात गेले होते. काम खरंच देखणं होतं. मी त्याला एवढंच विचारलं, “पुस्तकात ओडिसियस आपल्याला पहिल्यांदा भेटतो, तेव्हा तो काय करत असतो?” तो म्हणाला, “ट्रॉयला लढत असतो.” मी पुस्तक आणायला सांगितलं. नवं कोरं होतं, पाठीला घडीही पडलेली नव्हती.

ओडिसीचे चोवीस भाग आहेत. पहिल्या चारांत ओडिसियस येतच नाही. तिथे त्याचा मुलगा टेलेमॅकस बापाची खबर काढत फिरतो. पाचव्या भागात नायक दिसतो तो कॅलिप्सोच्या बेटावर, समुद्राकडे तोंड करून रडत बसलेला. सात वर्षं तो तिथे अडकलाय. राक्षसांच्या प्रसिद्ध गोष्टी येतात फक्त नवव्या ते बाराव्या भागात. तेराव्यात तो इथाकाच्या किनाऱ्यावर उतरतो, म्हणजे जवळपास अर्धं काव्य त्याच्या स्वतःच्या गावात आणि घरात घडतं. त्या भिंतभर नकाशात या अर्ध्या काव्याला एक टाचणी होती.

मग मी त्याला नववा भाग उघडायला लावला. त्याच्या प्रतीत प्रत्येक परिच्छेदाच्या सुरुवातीला अवतरणचिन्ह होतं. त्याने एक पान उलटलं, दुसरं उलटलं, चिन्हांवरून बोट फिरवत गेला आणि म्हणाला, “मावशी, म्हणजे हे सगळं तोच बोलतोय?” हो, तोच बोलतोय. फिएशियन लोकांच्या राजवाड्यात, रात्रीच्या जेवणानंतर, आणि या लोकांकडून त्याला घरी जायला जहाज हवंय. त्याचे सगळे सोबती मेलेत. खोडून काढायला कोणी उरलेलं नाही. पहिल्या भागात सूर्याच्या गुरांचा उल्लेख कवी स्वतः करतो आणि सायक्लॉप्सचा देवांचा राजा झ्यूस करतो, तेव्हा सगळं रचलेलं आहे असं नाही. पण हाच माणूस इथाकात उतरल्यावर आपण क्रीट बेटावरचे आहोत अशा थापा प्रत्यक्ष अथीना देवीला मारतो, डुकरं राखणाऱ्या गड्याला मारतो, बायकोलाही मारतो. मग याच्या तोंडून ऐकलेलं किती खरं धरायचं? वर्गातली सगळ्यात चांगली चर्चा या प्रश्नावर होते आणि सारांशात तो प्रश्नच येत नाही, कारण सारांश करणारा पहिल्यांदा अवतरणचिन्हं काढून टाकतो.

माझी सवय सांगते. पान सुरू करताना समासात पेन्सिलीने दोन शब्द लिहायचे: कोण? कोणाला? बस. हायलायटर मी मुलांच्या हातात देत नाही. अर्धं पान पिवळं होतं, आणि वाचल्याचं समाधान तेवढं मिळतं.

दुसरी चूक सायक्लॉप्सच्या प्रसंगाची. दर वर्षी वीस-पंचवीस निबंधांत एकच वाक्य असतं: ‘यावरून ओडिसियस किती हुशार होता ते दिसते.’ हुशार आहेच. त्या सायक्लॉप्सला, पॉलिफीमसला, तो आपलं नाव ‘कोणीच नाही’ असं सांगतो. डोळा फुटल्यावर पॉलिफीमस बोंबलतो, शेजारचे सायक्लॉप्स बाहेरून विचारतात, कोण मारतंय तुला? तो म्हणतो, “कोणीच नाही!” आणि ते आपापल्या गुहेत निघून जातात. मराठीत ही कोटी आयती बसते, म्हणून घरी मराठीत सांगून बघा. मुलं चटकन पकडतात. मूळ ग्रीकमध्ये तर आणखी एक पदर आहे: शेजाऱ्यांच्या प्रश्नातले ‘मी तिस’ हे शब्द कानाला ‘मीतिस’ म्हणजे युक्ती, चातुर्य या शब्दासारखे लागतात.

पण मुलं इथेच थांबतात, आणि खरी मेख पुढे आहे. जहाज सुटल्यावर सोबती विनवत असतात की गप्प बस, तरी तो ओरडून सांगतो: कोणी विचारलं तर सांग, नगरं लुटणाऱ्या ओडिसियसने तुझा डोळा फोडला, लेअर्टीसचा मुलगा, इथाकात राहणारा. स्वतःचं नाव, बापाचं नाव, गाव. पॉलिफीमस लगेच हात वर करून आपल्या बापाला, समुद्रदेव पोसायडनला, शाप मागतो आणि जवळजवळ त्याच शब्दांत ओडिसियसचा पत्ता देतो. शापाला लागणारा सगळा तपशील ओडिसियसनेच पुरवलेला असतो. दोन्ही ओळी शेजारी शेजारी लिहून काढा, निबंध आपोआप उभा राहतो.

त्याच प्रसंगात यजमान आणि पाहुणा यांचा धर्म, ग्रीक ज्याला झेनिया म्हणतात, तोही बघा. आपल्या मुलांना ‘अतिथी देवो भव’ माहीत असतं, म्हणून ती लगेच सायक्लॉप्सला दोषी ठरवतात. पण मालक घरात नसताना गुहेत शिरून चीज कोणी खाल्लं? सोबती म्हणत होते, चीज आणि कोकरं उचलू आणि निघू. ओडिसियसच थांबला, पाहुण्याला काय भेट मिळते ते बघायला. त्याची किंमत सहा माणसांनी जीव देऊन मोजली.

आपल्या घरांत होणारी खास चूक म्हणजे ‘झ्यूस म्हणजे आपला इंद्र’ असं समीकरण मांडून मोकळं होणं. दोघांच्या हातात वीज आहे, हे ठीक. पण झ्यूस या नावाचं नातं वेदातल्या ‘द्यौस्’शी आहे, ‘द्यौष्पितृ’ आणि रोमन ‘ज्युपिटर’ ही एकाच घरातली नावं. तुलना जरूर करा, फक्त साम्य सापडल्यावर थांबू नका. ओडिसियसची बायको पेनेलोपी नवरा निवडायला धनुष्याची अट घालते, ते बघून सीतास्वयंवर आठवतं. मग पुढचा प्रश्न विचारा, की इथे धनुष्य पेलणारा तिचा आधीचाच नवरा असल्यामुळे काय बदललं?

काही चुका पटकन सांगते. ट्रॉयचा लाकडी घोडा होमरच्या दुसऱ्या महाकाव्यात, ‘इलियड’मध्ये, नाही, इलियड ट्रॉयचा योद्धा हेक्टर याच्या अंत्यविधीवर संपतं. अकिलीस या ग्रीक वीराला फक्त टाचेवर घाव बसू शकतो, ही गोष्टही होमरमध्ये नाही, ती पुष्कळ नंतर आली. (गांधारीच्या नजरेने दुर्योधनाचं शरीर वज्राचं झालं ही कथाही महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत नाही, हे मुलांना सांगा, डोळे विस्फारतात.) जगात दुःखं मोकळी सोडणाऱ्या पँडोराकडे पेटी नव्हती, मोठा रांजण होता. क्राकेन हा समुद्रराक्षस ग्रीक नाही, तो उत्तर युरोपातला. सिनेमात बघितलं म्हणून उत्तरपत्रिकेत लिहू नका. हर्क्युलिस आणि युलिसिस ही रोमन वळणाची नावं, ग्रीक म्हणजे हेराक्लीस आणि ओडिसियस. एका निबंधात एकच पद्धत ठेवा. आणि पेनेलोपी म्हणा, ‘पेनलोप’ नाही.

‘गुलाबी बोटांची पहाट’ परत परत येते म्हणून ती पानं गाळणारेही असतात. हे काव्य ऐकण्यासाठी होतं. पोवाड्यातलं ‘जी जी’ कोणी गाळतं का? रोज वीस ओळी मोठ्याने वाचा. मी माझ्या मुलीकडून पोळ्या लाटताना वाचून घ्यायचे.

शेवटची चूक: बाविसाव्या भागात, पेनेलोपीशी लग्न करायला घरात ठाण मांडून बसलेल्या मागणीदारांची कत्तल झाली की पुस्तक मिटणं. तेविसावा वाचाच. पेनेलोपीला अजून खात्री नाही. ती सहज म्हटल्यासारखं दासीला सांगते, यांची खाट खोलीबाहेर काढून अंथरूण घाल. वीस वर्षं सगळ्यांना गुंडाळत आलेला माणूस त्या एका वाक्याने भडकतो. खाट हलेलच कशी? मुळं धरून उभ्या असलेल्या ऑलिव्हच्या बुंध्याचाच पाय करून मी ती घडवली होती, कोणी बुंधा तोडला का? हे त्या दोघांना आणि एका दासीलाच ठाऊक असतं. पेनेलोपीच्या गुडघ्यांतलं बळ जातं आणि ती रडत त्याच्याकडे धावते.