समुद्रबर्फाचा खडबडीतपणा वाचताना या चुका टाळा

14 मार्च 1895 रोजी नॉर्वेचे शोधप्रवासी फ्रिट्यॉफ नान्सेन आणि यालमार योहान्सेन ‘फ्राम’ जहाज सोडून उत्तर ध्रुवाकडे निघाले. सोबत तीन स्लेज, दोन कयाक आणि 28 कुत्री होती. सुरुवातीला सपाट बर्फावर चांगली मजल मारता आली. पुढे मात्र बर्फाचे बांधच बांध लागले. स्लेज उचलून पलीकडे न्यायची, थोडं चालायचं, की पुढचा बांध हजर. 8 एप्रिलला 86 अंश 14 मिनिटं उत्तर अक्षांशावरून दोघं मागे फिरले. ध्रुव तिथून सुमारे 420 किलोमीटर राहिला होता.

तोच बर्फ आज आपण घरबसल्या पाहू शकतो. सेंटिनेल-1 उपग्रहाच्या रडार प्रतिमा आणि आइससॅट-2 उपग्रहाच्या लेझर नोंदी कुणालाही विनामूल्य मिळतात. भूगोल किंवा रिमोट सेन्सिंग शिकणाऱ्या मुलांना त्यावर सहज प्रकल्प करता येतो. राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र तर आपल्या शेजारी, गोव्यात वास्कोलाच आहे. पण आकडे हाती आले म्हणजे बर्फ कळला असं होत नाही. त्याच त्या चार-पाच जागी पाय घसरतो. त्या जागा आधीच माहीत असल्या तर महिन्याची मेहनत वाचते.

मोजपट्टी न सांगता “खडबडीत” म्हणणं

नांगरलेल्या रानाच्या बांधावर उभं राहिलं तर ढेकळंच ढेकळं दिसतात. तेच रान विमानातून सपाट चौकोन दिसतं. समुद्रबर्फाचंही तसंच आहे. सेंटिनेल-1 च्या रडार लहरीची लांबी साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास, त्यामुळे त्याला मिलिमीटर-सेंटिमीटरचा खरखरीतपणा जाणवतो. आइससॅट-2 चा हिरवा लेझर सुमारे 11 मीटर व्यासाचा ठिपका टाकतो, आणि दर 70 सेंटिमीटरला एक, म्हणजे ठिपके एकमेकांवर चढलेले असतात. क्रायोसॅट-2 या उंची मोजणाऱ्या उपग्रहाचा रडार एका वेळी 300 मीटर लांब आणि दीड किलोमीटरहून रुंद पट्टा पाहतो. तिघांनी एकाच तुकड्याबद्दल तीन वेगळी उत्तरं दिली तर कुणीही खोटं बोलत नसतं.

म्हणून खडबडीतपणाचं माप म्हणून उंचीचं प्रमाण विचलन काढलंत तर ते किती लांबीच्या पट्ट्यावर काढलं, हे त्याच ओळीत लिहा. 50 मीटरवरचा आकडा आणि 10 किलोमीटरवरचा आकडा एका तक्त्यात शेजारी ठेवू नका.

फक्त टकरीतून खडबडीतपणा येतो असं धरून चालणं

समुद्राचं पाणी उणे 1.8 अंश सेल्सियसच्या आसपास गोठतं. वारा पडलेला असेल तर काचेसारखा पातळ, लवचीक थर धरतो. त्याला निलास म्हणतात. लाटा असतील तर बर्फाच्या सुयांचा लगदा गोळा होऊन त्याच्या गोल चकत्या बनतात. त्या एकमेकींवर आपटत राहतात आणि कडा उचललेल्या परातींसारख्या दिसायला लागतात. हा पॅनकेक बर्फ. म्हणजे बर्फ जन्मतो त्या दिवशीच्या हवेवरच त्याचा पहिला पोत ठरतो.

मोठे उंचवटे पुढे येतात. वारा आणि प्रवाह बर्फाला भेगा पाडतात. अशा भेगेला लीड म्हणतात. तिच्यात नवा पातळ बर्फ धरतो. मग वारा फिरला की दोन्ही बाजूंचे जाड तुकडे जवळ येतात आणि मधला पातळ बर्फ चुरडला जातो. त्याच्या लाद्या एकमेकींवर चढतात, काही पाण्याखाली ढकलल्या जातात. वर दिसतो तो बांध म्हणजे प्रेशर रिज. पाण्याखालचा भाग वरच्या उंचीच्या साधारण चार-पाच पट खोल असतो.

ताज्या रिजचा फोटो मिळाला तर लाद्यांची जाडी बघा. आजूबाजूचा बर्फ दीड मीटरचा, पण रिजमधल्या लाद्या जेमतेम 20-30 सेंटिमीटरच्या, असं पुष्कळदा दिसतं. याचा अर्थ बांध जाड बर्फातून उठलेला नाही, कोवळ्या लीडमधून उठलाय. लाद्यांच्या कडा धारदार असतात, मधल्या पोकळीत हात जाईल एवढी जागा असते, आणि वाऱ्याच्या आडोशाला हिम साठायला लागलेलं असतं. हाच रिज एखादा उन्हाळा तगला, तर मीठ झिरपून गेलेलं असतं, कडा गोलसर झालेल्या असतात, पोकळ्या गोठून भरलेल्या असतात. उंची कमी झाली तरी मजबुती वाढलेली असते. जहाजवाले अशा जुन्या बर्फाला वचकून असतात ते यामुळेच.

वाऱ्याचं काम वेगळंच. तो हिमाचा पृष्ठभाग कोरून टणक, टोकदार लाटा घडवतो. त्या सास्त्रुगी. त्यांची दिशा बघून तिथला जोराचा वारा कुठून वाहतो ते सांगता येतं.

रडारवर पांढरं दिसलं की रिज समजणं

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. प्रतिमेतली उजळ रेघ रिज असू शकते, तशी ती वाऱ्याने विस्कटलेल्या पाण्याची उघडी लीडही असू शकते. एकीवर माणूस चढतो, दुसरीत बुडतो, आणि पडद्यावर दोन्ही पांढऱ्या! नव्या, खारट बर्फावर बर्फफुलं उमलली असली तरी लीड उजळते. ही काही सेंटिमीटर उंचीची, मिठाने भरलेली स्फटिकांची झुडपं असतात. आणि जुना, अनेक वर्षांचा बर्फ त्याच्या पोटातल्या हवेच्या बुडबुड्यांमुळे उजळ दिसतो. पृष्ठभाग गुळगुळीत असला तरीही.

उपाय आहेत. एचएच (आडवी लहर सोडून आडवीच टिपलेली) आणि एचव्ही (आडवी सोडून उभी टिपलेली) हे दोन्ही चॅनेल शेजारी ठेवा. वाऱ्याने विस्कटलेलं पाणी एचएचमध्ये चमकतं, एचव्हीमध्ये बहुतेक वेळा अंधारं पडतं. रिज आणि जुना बर्फ एचव्हीमध्येही टिकून राहतात. दोन-तीन दिवसांच्या प्रतिमा ओळीने पाहा. एका रात्रीत उजळलेली लीड पुन्हा काळवंडत असेल, तर तो रिज नव्हता. आणि प्रतिमेच्या एका कडेपासून दुसरीकडे आपाती कोन, म्हणजे रडारची लहर बर्फावर पडते तो कोन, बदलतो, सेंटिनेलच्या रुंद पट्ट्यात तो साधारण 19 पासून 47 अंशांपर्यंत जातो, त्यामुळे तोच बर्फ एका कडेला उजळ आणि दुसऱ्या कडेला मंद दिसतो. ही दुरुस्ती न करता “पूर्वेचा बर्फ जास्त खडबडीत” असा निष्कर्ष काढलेले नकाशे पाहिले की वाईट वाटतं, कारण बाकीची मेहनत खरी असते.

हिमाची पाठ आणि बर्फाची पाठ एकच मानणं

बर्फावर हिम पडतं, ते रिजच्या आडोशाला साठतं, खळगे भरून काढतं. वरून पाहिलं तर पृष्ठभाग मऊसर दिसतो, खाली मात्र लाद्या उभ्या-आडव्या पडलेल्या असतात. लेझर हिमाची वरची पाठ मोजतो. क्रायोसॅट-2 ची केयू-बँड या पट्ट्यातली रडार लहर हिमातून आरपार जाऊन बर्फावर आपटते असं गृहीत धरलं जातं. हिम दमट किंवा खारट असेल तर हे गृहीतक डळमळतं. भारत-फ्रान्स यांचा सरल उपग्रह 25 फेब्रुवारी 2013 रोजी इस्रोने सोडला. त्याच्यावरचं अल्टिका उपकरण केए-बँडचं, म्हणजे आणखी आखूड लहरीचं, म्हणून त्याची लहर हिमाच्या वरच्या थरांतूनच परतण्याकडे झुकते. या दोन उपग्रहांनी मोजलेल्या उंचीतल्या फरकावरून हिमाची जाडी काढायचे प्रयत्न झाले, ते याच गुणामुळे.

चूक किती महाग पडते ते बघा. बर्फाचा सुमारे दहावा हिस्साच पाण्यावर असतो. त्या वरच्या भागाच्या उंचीत 5 सेंटिमीटरची गफलत झाली, की जाडीत अर्ध्या मीटरच्या आसपास फरक पडतो. खडबडीत बर्फावरून परतलेला रडारचा प्रतिध्वनी पसरट असतो. सपाट पृष्ठभागासाठी बनवलेली पद्धत त्यावर लावली, की ही गफलत आपोआप होते. त्यात बाजूला एखादी आरशासारखी लीड असेल तर तिची चमक उपग्रहाच्या नेमक्या खालच्या बर्फाचा आवाज दाबून टाकते आणि उंची खोटी येते. अशा नोंदी ओळखून बाजूला काढाव्याच लागतात.

कालचा बर्फ आज तिथेच असेल असं समजणं

फ्रामच्या सफरीत नान्सेनने पाहिलं होतं की बर्फ वाऱ्याच्या सुमारे 2 टक्के वेगाने आणि वाऱ्याच्या दिशेच्या उजवीकडे कलून वाहतो. सेकंदाला 10 मीटर वारा दिवसभर वाहिला तर बर्फ सतराएक किलोमीटर सरकतो. सकाळची लेझर रेघ संध्याकाळच्या रडार प्रतिमेवर तशीच ठेवली, तर रिजची उंची भलत्याच तुकड्याला चिकटते. दोन्हीकडे दिसणारी एखादी ठळक लीड शोधून रेघ तेवढी सरकवा. आइससॅट-2 दर 91 दिवसांनी त्याच मार्गावर येतो खरा, पण तोपर्यंत खालचा बर्फ कुठल्या कुठे गेलेला असतो.

उन्हाळ्यातल्या नोंदी नवशिक्यांनी सुरुवातीला बाजूला ठेवाव्यात. वितळलेल्या पाण्याची डबकी लीडसारखीच चमकतात. सपाट, एका वर्षाच्या बर्फावर ती दूरवर पसरतात, जुन्या उंचसखल बर्फावर खळग्यांत अडून राहतात. म्हणजे हिवाळ्यातला खडबडीतपणा उन्हाळ्यात किती ऊन शोषलं जाणार हेही ठरवतो.

आणि आर्क्टिकचे ठोकताळे अंटार्क्टिकाला लावू नका. तिथे बर्फाला चहूबाजूंनी उघडा समुद्र आहे, लाटा खोलवर आत येतात, हिमाच्या वजनाने बर्फ दबून पाणी वर चढतं आणि गोठतं, आणि बराचसा बर्फ दर उन्हाळ्यात विरघळून जातो.

रिज कमी झाले तर बरंच, असं वाटणं

विमानांतून केलेल्या तीन दशकांच्या लेझर मोजण्यांत आर्क्टिकमधल्या रिजची संख्या दर दशकाला सुमारे 12 टक्क्यांनी आणि उंची सुमारे 5 टक्क्यांनी घटलेली दिसली. जुना बर्फ संपत चालल्याचा हा परिणाम. जहाजांची वाट सोपी होईल, नान्सेनसारखं कुणाला मागे फिरावं लागणार नाही, हे खरं. पण रिंग्ड सील आपल्या पिल्लासाठी घर करते ते रिजच्या आडोशाला साठलेल्या हिमात, खालच्या पाण्यातून भोक पाडून. पांढऱ्या लोकरीचं ते पिल्लू दीडेक महिना त्या हिमाच्या छताखाली दूध पितं, आणि वर अस्वल वास घेत फिरत असतं.