दादागिरी सोसणाऱ्या मुलाची कादंबरी कशी लिहावी

वाचक १३ ते १७ वर्षांचे असतील तर नायक आठवी-नववीतला ठेवा. दहावी घेतलीत की परीक्षा सगळं कथानक गिळून टाकते. जूनमध्ये शाळा उघडते तिथून दिवाळीच्या सुट्टीपर्यंतचा काळ पुरतो. पहिला खर्डा ३० ते ३५ हजार शब्दांचा, १८-२० प्रकरणांचा धरा.

लिहायला बसण्याआधी कागदावर दोन रकाने आखा, एक घराचा आणि एक शाळेचा. घरचं दुखणं एकच निवडा. बापाचं पिणं, आईचं आजारपण आणि कर्ज असं सगळं एकदम लादलं तर एकाही गोष्टीला न्याय मिळत नाही. मग शाळेतल्या प्रत्येक घटनेपुढे लिहा, हा मुलगा घरी का सांगत नाही? ‘आईला आधीच काय कमी त्रास आहे?’ असं त्याच्या तोंडचं उत्तर मिळालं की दोन्ही रकाने जोडले गेले. ते नसेल तर वाचक तिसऱ्या प्रकरणातच म्हणेल, “अरे, सांग ना मग!”

या विषयाच्या संशोधनाचा पाया घालणारे डॅन ओल्वेअस यांनी छळाच्या तीन खुणा सांगितल्या: त्रास मुद्दाम दिलेला असतो, पुन्हा पुन्हा दिला जातो आणि दोन्ही बाजूंची ताकद सारखी नसते. लेखकाला नडतं ते ‘पुन्हा पुन्हा’. तोच प्रसंग पाच वेळा लिहिला की वाचक पानं उलटतो. म्हणून प्रसंग एकदाच सविस्तर लिहा आणि पुढे त्याचे फक्त परिणाम दाखवा. मधल्या सुट्टीत डबा हिसकावला जातो, पोळी फरशीवर पडते, एकजण तिच्यावर बूट ठेवतो, मागचा बाक हसतो. पुढच्या प्रकरणात नायक जिन्याखाली उभ्यानेच दोन घास खातो. त्यानंतर डबा भरलेलाच घरी येतो आणि आई विचारते, “भाजी आवडली नाही का रे?” इथे मारहाण लिहायची गरजच उरत नाही.

खरी मेहनत बघ्यांवर घ्या. फिनलंडच्या संशोधक क्रिस्टिना साल्मिवाल्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६मध्ये दाखवलं की छळात जवळजवळ सगळ्या वर्गाची भूमिका असते: कोणी छळणाऱ्याच्या मदतीला जातं, कोणी हसून चेव आणतं, कोणी मान खाली घालून वही चाळतं, कोणी सोसणाऱ्याची बाजू घेतं. या चारही जागी नाव, घर आणि स्वभाव असलेली मुलं बसवा. मग मान खाली घालणारीला एकदाच, भीत भीत, नायकाशेजारी डबा उघडू द्या. कादंबरी तिथून वळते.

शेवटी नायकाने एक ठोसा मारला आणि सगळं मिटलं, असं करू नका. मार खाणाऱ्या वाचकाला ते खोटं वाटतं, कारण त्याने तसं करून पाहिलेलं असतं. मुख्याध्यापकांचं लांबलचक भाषणही नको. छळणाऱ्या मुलाच्या घरचा एखादा प्रसंग जरूर घ्या, पण नायकावर माफीची सक्ती करू नका. शिक्षकच अपमान करत असतील तर शिक्षण हक्क कायदा, २००९ माहीत हवा. त्याच्या कलम १७ने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी आहे. हा कायदा आठवीपर्यंतच्या शिक्षणाचा आहे, म्हणून इयत्ता ठरवताना याचाही विचार करा.

जीव द्यायचा विचार कथेत आलाच तर तो कसा, कशाने हे कधीही लिहू नका. त्या प्रकरणात ऐकून घेणारं एक तरी माणूस हवं. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर मुलांसाठीचा १०९८ हा मदत क्रमांक ठळक छापा.

खर्डा झाला की त्याच वयाच्या दोन-तीन मुलांना वाचायला द्या. ‘आवडलं का?’ विचारू नका. कुठे पानं गाळली आणि कुठलं वाक्य त्यांच्या वर्गात कोणी बोलणार नाही, एवढ्यावर पेन्सिलने खूण करायला सांगा.